‘बॅग फक्त आणायची आहे,’ असं तो म्हणतो

वकीलताई, नमस्कार.

मी बदलापूरला राहते. एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम करते. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, आई घरीच असते. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. आधी कॉल सेंटरला होता, ते सुटलं, आता घरोघरी जेवण पोचवायचं काम करतो. मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या ॲपचे हप्ते त्याच्या मागे लागलेत, हे आम्हाला उशिरा कळलं.

दोन महिन्यांपूर्वी तो बँकॉकला जाऊन आला. चार दिवस. तिकीट, हॉटेल सगळं जिममधल्या ओळखीच्या एका माणसाने केलं. परत आल्यावर त्याने माझ्या हातात ५० हजार रुपये ठेवले आणि म्हणाला, इन्सेंटिव्ह मिळाला, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला घाल. मी घातले. गेल्या आठवड्यात त्याच्या फोनवरचे मेसेज माझ्या नजरेस पडले. येताना त्याने तिकडून एक ट्रॉली बॅग आणली होती आणि विमानतळाबाहेर कुणीतरी ती घेतली होती. पुढच्या महिन्यात परत जायचं ठरलंय.

मी विचारलं तर म्हणाला, ‘गांजाच आहे, तिकडे दुकानात मिळतो. मी फक्त बॅग आणतो. इथे कंटेनर भरभरून माल येतो, माझ्या पाच किलोने काय होणार? आणि पकडलंच तर बॅग माझी नाही म्हणेन.’ आता नाही म्हटलं तर तिकिटाचे पैसे मागतील, असंही म्हणतो. ताई, मी त्याचा पासपोर्ट लपवून ठेवू का? बाबांना सांगू का? पोलिसांकडे गेले तर भावाला मीच तुरुंगात घातल्यासारखं होईल. काही सुचत नाही.

– एक बहीण

---

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तुला चार ओळींचा ईमेल केला, कारण सदराचा दिवस येईपर्यंत थांबावं अशी ही गोष्ट नव्हती. आता सविस्तर लिहिते. अशाच घोळात सापडलेली आणखीही घरं असणार, म्हणून इथे लिहिते आहे. तुमची ओळख पटेल असे तपशील पत्रातून काढून टाकले आहेत.

मी अनेक वर्षं मुंबईच्या सत्र न्यायालयात एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालचे खटले चालवते आणि बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभी असते. म्हणजे तुझ्या भावासारख्या मुलांच्या बाजूने. तेव्हा पुढचं सगळं त्याच्या विरोधात लिहिलंय असं त्याला वाटू देऊ नको. हे पत्र त्यालाही वाचायला दे.

त्याला जाऊ द्यायचं नाही. यात मला दुसरं मत नाही. ते कसं जमवायचं त्याकडे येतेच, पण आधी त्याच्या बोलण्यातला एकेक मुद्दा घेते, कारण तू नुसतं ‘जाऊ नको’ म्हटलंस तर तो हेच मुद्दे तुझ्यापुढे टाकणार.

‘बॅग माझी नाही म्हणेन.’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचा रागही येत नाही, वाईट वाटतं. तिकीट त्याच्या नावाचं. बॅगेवरचा टॅग त्याच्या नावाचा. त्या टॅगची पावती त्याच्याच बोर्डिंग पासला चिकटवलेली. पट्ट्यावरून बॅग उचलताना तो कॅमेऱ्यात दिसणार. आणि हा कायदा इतर कायद्यांसारखा नाही. चोरीच्या खटल्यात आरोपीचा हेतू सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कलम ५४ म्हणतं की अमली पदार्थ तुझ्या ताब्यात सापडला आणि तू समाधानकारक खुलासा देऊ शकला नाहीस, तर गुन्हा तूच केलास असं न्यायालय धरून चालू शकतं. कलम ३५ त्याच्याही पुढे जातं. माल ताब्यात होता एवढं सरकार पक्षाने दाखवलं, की आत काय आहे ते आरोपीला माहीत होतं असं गृहीत धरलं जातं. माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं, तेही वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतकं पक्कं. ज्याच्या फोनवर ‘बॅग घेतली का’ असे मेसेज आहेत तो हे कसं सिद्ध करणार?

एक निकाल सांगते. १९९७ साली अमृतसरच्या राजासांसी विमानतळावर एका अफगाण प्रवाशाकडच्या द्राक्षांच्या खोक्यात जवळजवळ दीड किलो हेरॉइन सापडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य या २००८ च्या निकालात न्यायालयाने त्याला सोडलं, कारण तपासात आणि मुद्देमाल सांभाळण्यात गंभीर त्रुटी होत्या. आम्ही बचावाचे वकील आजही तो निकाल दाखवतो. पण त्याच निकालाने ३५ आणि ५४ ही दोन्ही कलमं घटनेला धरून आहेत असंही सांगितलं. आणि अटक ९७ ची, सुटकेचा निकाल २००८ चा. अकरा वर्षं. तुझा भाऊ आज चोवीसचा आहे, पुढचा हिशोब त्याचा त्याला करू दे.

‘गांजाच आहे.’ हे त्याला कुणी सांगितलं? ज्याने बॅग भरली त्यानेच ना? बॅग त्याच्यासमोर भरली जात नाही. हॉटेलच्या खोलीवर ती भरलेली येते. वर चॉकलेटं, खाऊ, कपडे आणि खाली किंवा पत्र्याआड हवा काढून सीलबंद केलेली पाकिटं. आत गांजा असेल तर त्याची व्यावसायिक मात्रा, म्हणजे ज्याच्यावर कायदा सगळ्यात कडक शिक्षा लावतो ते वजन, २० किलो आहे. १ किलोपेक्षा जास्त आणि २० पेक्षा कमी असेल तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण आत दुसरं काही निघालं तर? हेरॉइनची व्यावसायिक मात्रा २५० ग्रॅम आहे, मेथॅम्फेटामाइनची ५० ग्रॅम, कोकेनची १०० ग्रॅम, म्हणजे अंघोळीच्या साबणाच्या एका वडीएवढी. ती ओलांडली की किमान शिक्षाच १० वर्षांची, कमाल २० ची, आणि दंड एक ते दोन लाख. शिवाय मग जामिनासाठी कलम ३७ आडवं येतं. आरोपी निर्दोष असावा असं मानायला वाजवी कारण आहे याची आधी खात्री झाल्याशिवाय न्यायालय जामीन देऊ शकत नाही. खटला उभा राहायच्या आधीच ही खात्री पटवायची असते. ती न पटल्यामुळे खटला संपेपर्यंत आत राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यातली काही शेवटी निर्दोष ठरलेली.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, पाच-सहा किलो गांजाच्या प्रकरणात कलम ३७ ची अट लागू होत नाही आणि जामीन मिळू शकतो. तो माणूस हीच गोष्ट मुलांना ‘काही होत नाही’ या शब्दांत ऐकवत असणार. जामीन मिळाला म्हणजे खटला संपला असं नसतं. पासपोर्ट न्यायालयात जमा राहतो, वर्षानुवर्षं तारखा चालतात, आणि नोकरीसाठी पोलीस पडताळणी आली की प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर द्यावं लागतं.

‘तिकडे दुकानात मिळतो’ हे काही काळ खरं होतं. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकानं उघडली. त्याच सुमारास खोलीत दिव्यांखाली, मातीशिवाय, पोषक पाण्यावर वाढवलेला गांजा तिथे मुबलक झाला. आपल्याकडे त्यालाच हायड्रो म्हणतात. २०२३ च्या अखेरीपासून भारतीयांना तिथे व्हिसा लागेनासा झाला आणि मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमधून हा माल सापडण्याच्या बातम्या नेहमीच्या झाल्या. २०२५ मध्ये त्या देशाने पुन्हा लगाम घातला, आता फुलाची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली आहे. पण दुकानं उघडी होती तेव्हाही हा माल असा बॅगेत भरून देशाबाहेर नेणं तिथल्या कायद्यात बसत नव्हतं. म्हणजे तुझा भाऊ दोन देशांचे कायदे एकाच बॅगेत मोडतो आहे. निघतानाच पकडला गेला तर खटला तिथे, भाषा तिथली, तुरुंग तिथला, आणि तुम्ही बदलापूरला.

कंटेनरचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेते, कारण हा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात येतोच. कंटेनर येतात हे खरंच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, २,९८८ किलो हेरॉइन पकडलं. कागदावर ती अफगाणिस्तानातली टाल्क पावडर होती, इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेली. आपल्या न्हावा शेवाला २०२२ मध्ये ज्येष्ठमधाच्या मुळ्यांवर हेरॉइनचा लेप चढवून पाठवलेला कंटेनर सापडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाशीला, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या संत्र्यांच्या ट्रकमध्ये १९८ किलो मेथॅम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात तटरक्षक दलाने अंदमानजवळ म्यानमारची एक मासेमारी नौका अडवली, तिच्यावर साडेपाच टनांच्या आसपास मेथॅम्फेटामाइन होतं. आणि बाहेरूनच येतं असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत मेफेड्रोन हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना उघडकीस आणला, तिथला माल तर इथून परदेशी जात होता.

हे सगळं ऐकून तुझा भाऊ म्हणेल, बघ, मी म्हणत होतो. पण या मोठ्या प्रकरणांत काय घडतं ते नीट बघायला हवं. कंटेनरमागे कागदी कंपन्या असतात, एकाच्या नावावर परवाना, पैसा दुसऱ्याचा, तिसरा परदेशात बसलेला. तपास यंत्रणेला त्या माणसापर्यंत पोचायला वर्षं लागतात, कधी पोचताच येत नाही. ट्रॉली बॅगेच्या मागे कुणी नसतं. बॅग ओढणारा तोच पहिला आरोपी आणि पुष्कळदा तोच शेवटचा. त्याला हँडलरचं, म्हणजे पाठवणाऱ्या माणसाचं, खरं नाव माहीत नसतं, फोन नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावरचा असतो, बाहेर बॅग घेणारा त्याने आयुष्यात एकदाच पाहिलेला असतो. ही रचना मुद्दाम अशी केलेली असते. एका विमानात अनेक जण पाठवतात, त्यातला एखादा गेला तरी धंद्याचं गणित बिघडत नाही. जाणाऱ्याचं नुकसान आधीच हिशोबात धरलेलं असतं.

गणितच करायचं तर करू. चांगल्या हायड्रोपोनिक गांजाचा भाव तपास यंत्रणा किलोला एक कोटीच्या आसपास सांगतात. आम्ही वकील हा आकडा फुगवलेला आहे असं न्यायालयात म्हणतो, पण क्षणभर तोच धर. पाच किलो म्हणजे पाच कोटी. त्यातले तुझ्या भावाला ५० हजार मिळाले. शंभर रुपयांत दहा पैसे. आणि तुरुंगात जायची वेळ आली तर शंभरच्या शंभर टक्के त्याची. आकडा निम्मा किंवा पाव धरला तरी चित्र फारसं बदलत नाही.

पहिली फेरी सुटली म्हणून दुसरी सुटेल, असं त्याला वाटत असेल. विमानतळावर उलटं असतं. आंतरराष्ट्रीय प्रवाशांची माहिती विमान पोचायच्या आधीच यंत्रणांकडे येते, आणि प्रवाशांच्या आरक्षणाचे तपशीलही सीमाशुल्क विभागाला मिळावेत यासाठी २०२२ मध्ये वेगळे नियम झाले. ठरावीक पगार नसलेला तरुण, थोड्या महिन्यांत दुसऱ्यांदा त्याच शहरात, तीन-चार दिवसांचा मुक्काम, तिकिटाचे पैसे तिसऱ्याच कुणी भरलेले. अशी नावं विमान उतरायच्या आधीच बाजूला काढून ठेवता येतात. मग ग्रीन चॅनलमधून, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्यांच्या वाटेने, सहज चालत जाणं हा अभिनय उरतो, आणि हवाई गुप्तवार्ता कक्षातल्या अधिकाऱ्यांना तो रोज दिसतो. पहिल्या वेळी त्याची कुठलीही नोंद नव्हती. आता आहे.

मुंबईच्याच एका जोडप्याची हकिकत त्याला सांग. बातम्यांमधून ती बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१९ मध्ये एका नातेवाईक बाईने त्यांना कतारची सहल भेट दिली आणि सोबत एक पाकीट दिलं. पत्नी गरोदर होती. दोह्याच्या विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोहून जास्त चरस सापडलं. दोघांनाही १० वर्षांची शिक्षा झाली, मुलगी तुरुंगात जन्मली. त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं. घरच्यांनी इथे हातपाय हलवले, एनसीबीकडे म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेकडे गेले, एनसीबीने त्या बाईचं जाळं उघडं पाडलं, मग तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने फेरविचार करायला लावला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ते घरी आले. निर्दोष माणसांना, सरकारी यंत्रणा पाठीशी असताना, जवळजवळ दोन वर्षं लागली. तुझ्या भावाला मात्र माहीत आहे. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे वाक्य त्याने तुझ्याशी बोलतानाच गमावलंय.

त्या हकिकतीतला एक भाग मला तुझ्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. घरच्यांनी तोंड उघडलं. अब्रू जाईल म्हणून गप्प बसले असते तर ते दोघं आजही आत असते. या धंद्याला सीमेवरच्या कुत्र्यांपेक्षा आणि स्कॅनरपेक्षा बोलणाऱ्या घरांची जास्त भीती असते, कारण हँडलरचा चेहरा मशीनला दिसत नाही. तुझ्या भावाने तो पाहिलेला आहे, जिममध्ये रोज पाहतो आहे.

आता करायचं काय.

या रविवारी आधी त्याच्याशी एकटीने बोल. आईबाबांसमोर नको, तो बचावाच्या पवित्र्यात जाईल. ओरडू नको. त्याला एकच विचार: परत आलास आणि बॅग घ्यायला कुणी आलंच नाही, तर तू काय करणार? पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवलास तर चार-आठ दिवस मिळतील, त्यासाठी मी तुला नाही म्हणणार नाही. पण तो फाडू नको, फेकू नको, हरवला अशी खोटी तक्रार तर मुळीच करू नको. खोट्या तक्रारीने तू स्वतःच अडचणीत येशील. आणि त्याला कळल्यावर तो चिडून घर सोडून गेला तर तुझ्या हातात काही उरणार नाही, म्हणून बोलणं आधी, कुलूप नंतर.

त्या माणसाला त्याने ‘नाही’ एवढंच सांगायचं. आजारपणाचं निमित्त सांगितलं तरी चालेल. घासाघीस नको, धमकीला उलट धमकी नको, तिकिटाचे पैसे द्यायला तर जायचंच नाही, भेटायलाही नाही. धमकीचे मेसेज आले तर जपून ठेवा, घरी कुणी आलं तर ११२ लावा. जुन्या मेसेजमधलं एक अक्षरही पुसायचं नाही. पुसलेलं पुष्कळदा परत मिळतं आणि पुसण्याचा अर्थ वाईट लागतो. शिवाय त्याला कुणी पाठवलं, तिकीट कुणी काढलं, हे सांगणारा तोच एक पुरावा आहे.

मग वकील. पोलिसांच्या आधी. त्याच्या पहिल्या फेरीतला माल कुणाच्या हाती लागलेला नाही, त्यामुळे नुसत्या त्या फेरीवर खटला उभा करणं कठीण असतं. पण उद्या तो जिममधला माणूस पकडला गेला आणि त्याच्या फोनमध्ये तुझ्या भावाचे मेसेज निघाले, तर कलम २९ खाली कटाचा आरोप लागू शकतो. तोपर्यंत थांबलेला मुलगा आणि आधी स्वतःहून येऊन बोललेला मुलगा, न्यायालयात यांच्यात फार मोठं अंतर असतं. कलम ६४ नुसार जो सगळं खरं आणि पूर्ण सांगतो त्याला सरकार खटल्यातून अभय देऊ शकतं. ते अभय केंद्र किंवा राज्य सरकार देतं, चौकशी करणारा अधिकारी देऊ शकत नाही, आणि ते सर्रास मिळत नाही. ‘तू सांग, तुला सोडतो’ असं कुणी तोंडी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. म्हणून वकील सोबत हवा.

आता तुझा सगळ्यात अवघड प्रश्न, पोलिसांना सांगण्याचा. मी तुला मोकळेपणाने माझं मत देते. त्याने ऐकलं तर त्या माणसाची माहिती तुम्ही दोघांनी वकिलामार्फत एनसीबीला द्या. त्याने ऐकलंच नाही आणि जायची तयारी सुरूच ठेवली, तर तू १९३३ या क्रमांकावर कळव. ही एनसीबीची मानस हेल्पलाइन आहे, २०२४ पासून सुरू आहे, फोन मोफत लागतो, नाव गुप्त ठेवून माहिती देता येते. कायद्याचं कलम ६८ ही याच कामाचं आहे: माहिती कुणाकडून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला कुणी भाग पाडू शकत नाही. पण कधी कळवायचं, यावर सगळं अवलंबून आहे. तो इथून निघताना त्याच्या हातात काहीच नसतं. परतताना बॅग असते. तो बँकॉकला असताना तू फोन केलास तर तो मालासकट सापडेल. निघायच्या बऱ्याच आधी केलास तर बहुधा चौकशीवर निभावेल. यात एक धोका आहे आणि तो लपवणं बरोबर नाही: यंत्रणा त्याला जाऊ देऊन, साखळी पकडण्यासाठी परतताना त्याच्यावर नजर ठेवू शकते. हा अधिकार त्यांना आहे. म्हणूनच शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नको, आणि भावापेक्षा त्या माणसाबद्दल जास्त सांग. नंबर, जिमची वेळ, गाडी, तिकीट कुठल्या एजंटकडून आलं, जे असेल ते.

तू त्याला तुरुंगात घालत नाहीस. त्याला तिकडे न्यायचं तिकीट दुसऱ्याच कुणी काढलेलं आहे, आणि ते रद्द करायची धडपड करणारी त्या घरात सध्या तू एकटीच आहेस.

ते ५० हजार. तुला माहीत नव्हतं, आईच्या औषधपाण्याला गेले, त्यासाठी स्वतःला छळू नको. इथून पुढे मात्र त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नको, त्याची कुठलीही रक्कम तुझ्या खात्यात येऊ देऊ नको, आणि कुणाचीही बॅग एका रात्रीसाठीही घरात ठेवू नको. माहीत असताना घर अशा कामाला वापरू देणं हा कलम २५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अशा पैशातून घेतलेली मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर असली तरी गोठवता येते. वकिलाला ते ५० हजारही सांगा, लपवू नका.

कर्जाचं मूळ तोडल्याशिवाय तो पुन्हा असल्याच कुणाच्या हाती लागेल. कोणत्या ॲपचं किती, याची यादी करा. रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं ते आहे का, हे आधी पाहा. नसेल आणि फोटो पसरवायच्या, नातेवाइकांना फोन करायच्या धमक्या येत असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. खरं देणं असेल तर हप्ते बांधून घेता येतात. तो स्वतःही नशा करत असावा अशी शंका असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. पत्रात तू त्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस, पण विचार, कारण या मुलांना मेहनताना कधीकधी मालातच देतात.

आणि तुझ्या सगळ्या खबरदारीनंतरही तो गेला आणि सापडला, तर घाबरून पळापळ करू नका. अटकेनंतर २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. अंगझडतीच्या आधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागण्याचा त्याला कलम ५० ने हक्क आहे, फक्त हा हक्क अंगझडतीपुरता आहे, बॅगेच्या झडतीला तो लागू होत नाही. चौकशीत कलम ६७ खाली जबाब घेतात. सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग प्रकरणात २०२० मध्ये सांगितलंय की तो कबुलीजबाब म्हणून आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. तरीही न वाचता आणि कोऱ्या कागदावर सही नाही, हे त्याला आजच सांगून ठेव. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो. त्यांचा क्रमांक १५१००. परदेशात सापडला तर भारतीय दूतावासाला कळवण्याची मागणी त्याने पहिल्या मिनिटाला करायची.

बाबांना सांगायचंच आहे, पण भावाशी बोलून झाल्यावर, आणि शक्यतो त्याने स्वतः सांगावं. एवढी वर्षं गाडीत ‘हे सामान कुणाचं?’ असं विचारत आलेला माणूस आहे तो, तुला वाटतं त्यापेक्षा जास्त झेपेल त्यांना. त्यांना बाजूला ठेवून तू हे फार दिवस एकटीने ओढू शकणार नाहीस. आईला ऑपरेशनच्या पैशांबद्दल आत्ताच काही बोलू नको.

कल्याणच्या न्यायालयात हे काम करणाऱ्या दोन वकिलांची नावं तुला ईमेलने पाठवली आहेत. पहिल्या भेटीला त्याच्यासोबत तू जा. जाताना त्याचा फोन आहे तसा, पासपोर्ट, पहिल्या प्रवासाचं तिकीट, त्या चार दिवसांचे बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार, आणि त्या माणसाशी पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हापासूनच्या तारखा एका कागदावर लिहून ने. तारखा त्याने स्वतःच्या हाताने लिहू देत. भेट झाली की मला कळव.